तीन घरं, तीन सोनाटे

पहाटे ५:१०
वसई. पाऊस रात्रभर कोसळून आता बारीक झालाय. पडवीतल्या बाकावर काकांनी हत्यारं मांडलीत. काका म्हणजे पियानो ट्यूनर, वय बासष्ट. मराठी घरांत त्यांना काका म्हणतात, पारशी घरांत मास्टर. इथे आपण काकाच म्हणू.

आधी लिव्हर. लाकडी मूठ, पोलादी दांडा, टोकाला पियानोच्या चौकोनी खुंटीवर घट्ट बसणारी खोबण. ही त्यांच्या उस्तादांची. मूठ दोनदा बदलली, दांडा तोच आहे. मग फेल्टची लांब पट्टी, रबरी पाचरी, नायलॉनचा चिमटा, ४४० चा ट्यूनिंग फोर्क. लाकडी मुठीत बसवलेल्या तीन सुया. पट्ट्या सैल करायची पक्कड. पोलादी तारेची वेटोळी. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत नंबरवार लावलेल्या बारीक पिना. सगळं जुन्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळून पिशवीत जातं आणि पिशवी प्लॅस्टिकमध्ये. वजन आठ-नऊ किलो. उजव्या खांद्यावर पिशवी कधीच घ्यायची नाही, असा त्यांचा नियम आहे. उजवा खांदा कामाचा.

चहा, पाव, दोन केळी. शेअर रिक्षाचे ३० रुपये मुठीत धरून ते निघतात, मी त्यांच्यासोबत.

६:०५
वसई रोड. विरारहून येणारी चर्चगेट लोकल इथे पोचते तेव्हा बसायला जागा नसते. पिशवी रॅकवर. खिशातून फोमचे पिवळे बोळे निघतात आणि दोन्ही कानांत जातात. डब्यात भजनाचे टाळ सुरू होतात, कुणाचा फोन मोठ्याने वाजतो, शेजारून फास्ट गाडी खडखडत जाते. काकांना यातलं काही नको असतं. ‘दिवसभर पुरायला हवेत,’ कानाकडे बोट दाखवत ते सांगतात. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते घराची दारं-खिडक्या लावून बसतात.

शिकले ते चर्चच्या कॉयरमध्ये. पोर्तुगीज १७३९ मध्ये वसईतून गेले, पण नोटेशन वाचून गाणारी पोरं इथल्या चर्चमध्ये आजही आहेत. आवाज फुटला तसे काका ऑर्गनजवळ उभे राहू लागले आणि पुढे ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली गेले. पियानो ते वाजवत नाहीत. चार-पाच स्वरमेळ आणि एक जुनं स्तोत्र एवढंच येतं, तेही ट्यूनिंग तपासण्यापुरतं.

७:३०
दादर, हिंदू कॉलनी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार डॉक्टर उघडतात. त्या भूलतज्ज्ञ आहेत. साडेनऊला घर सोडायचं, दहाला ऑपरेशन थिएटर.

‘काका, मधले सूर चढलेत का? मला रोज वेगळंच ऐकू येतंय.’

‘चढलेत. जुलै आहे ना.’

पियानो जपानमधून आलेला, सेकंडहँड, उभा. हॉलमध्ये नाही, झोपायच्या खोलीत. रोज पहाटे सव्वापाच ते साडेसहा डॉक्टर इथे बसतात, मधलं पेडल दाबून अडकवलेलं. ते दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचा पडदा उतरतो आणि आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. शेजारच्या आजी साडेसहाला उठतात. त्यानंतर पंधरा मिनिटं पडदा वर आणि खरा आवाज.

स्टँडवर झेरॉक्सचं बाड आहे, स्पायरल बाइंडिंग केलेलं. पानोपानी पेन्सिल. बीथोवनचा ‘वॉल्डस्टीन’, ओपस ५३, १८०३-०४ सालचा. त्याच्या ३२ सोनाट्यांतला २१ वा. डॉक्टरांनी शाळेत असताना परीक्षा दिल्या, आठव्या ग्रेडपर्यंत पोचल्या, मेडिकलला प्रवेश मिळाला आणि पियानो बंद झाला. चाळिशीत पुन्हा उघडला. आता दोन वर्षं हा एकच सोनाटा.

काका वरचं झाकण उचलतात, समोरची फळी काढून भिंतीला टेकवतात आणि टॉर्च मारतात. ८८ हातोड्या ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या पांढऱ्या फेल्टवर तारांनी पाडलेल्या रेघा. कुठे पुसट, कुठे खोल. खालच्या बाजूला काही हातोड्यांवर चर पडलेत. वॉल्डस्टीन तिथूनच सुरू होतो. तोच स्वरमेळ, अगदी हळू, पण भरभर, पुन्हा पुन्हा. हळू आणि भरभर हे दोन्ही एकाच वेळी हाताला जमवायचं असतं. डॉक्टरांचे पहिले चार महिने पहिल्या पानावर गेले.

काका टॉर्च उजवीकडे सरकवतात. वरच्या एका ‘जी’च्या हातोडीवर ताजा चर आहे.

‘तिसऱ्या मूव्हमेंटला लागलात.’

‘शेवटच्या पानांवर आहे. ट्रिल.’

त्या पानांवर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दोन शेजारच्या सुरांवर न थांबता फिरत राहतात आणि त्याच हाताची करंगळी वरती मुख्य धून वाजवते. डॉक्टर नुसतं दाखवतात, टेबलाच्या कडेवर. अंगठ्याच्या बाजूची कातडी जाड झाली आहे. थिएटरमध्ये हातमोज्यात ती आतून टोचते, असं त्या सांगतात.

एक जागा त्या लिहिल्याप्रमाणे वाजवत नाहीत. सप्तकाच्या अंतरावरच्या दोन पट्ट्या एकाच हाताने धरून तसंच घसरत जायचं, तेही अगदी हळू आवाजात. बीथोवनच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोंना पट्ट्या उथळ आणि हलक्या असत. आजच्या पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि तिला दाबायला ५० ग्रॅमच्या आसपास भार लागतो. दोन पट्ट्या, शिवाय घसरण. नखाखालून रक्त येतं. मोठे वादकही इथे दोन्ही हात वापरून वाट काढतात. डॉक्टरही तेच करतात आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

७:५०
काम सुरू. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. काका फेल्टची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तारांमध्ये खोचत जातात, म्हणजे तिन्हींतली मधली एकटी बोलेल. फोर्क गुडघ्यावर आपटून त्याचं बूड पियानोच्या लाकडाला टेकवतात. ‘ए’, सेकंदाला ४४० कंपनं. फोनमध्ये ॲप आहे, पण ते शेवटी, पडताळणीला.

‘ए’ लागला की त्याच्यावरून खालच्या सप्तकातला ‘एफ’. दोन्ही एकत्र दाबले की आवाजात लाटा येतात. सेकंदाला साधारण सात. तेवढ्याच हव्यात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारावर वाढलेल्या कानाला हे सोसवत नाही. मलाही आधी ते बेसूरच वाटलं. पण पियानोचा गंधार मुद्दाम थोडा चढा ठेवतात. एका पट्टीत सगळं शुद्ध केलं तर दुसऱ्या पट्टीत गेल्यावर सूर बोचतात. वॉल्डस्टीन ‘सी मेजर’मध्ये उघडतो आणि त्याची दुसरी धून ‘ई मेजर’मध्ये येते. दोन्ही घरं नांदायची तर प्रत्येकाने थोडं थोडं सोसायचं. काका लाटा मोजत नाहीत, श्वासाशी ताडून बघतात. त्यांचे ओठ हलतात.

मग लिव्हर. उजवा हात खुंटीवर, डावा पट्टीवर. खुंटी किती फिरते? डोळ्याला दिसत नाही इतकी. मनगट हलत नाही, खांदा आणि पाठ हलते. तार आधी हवी त्याहून जरा वर न्यायची आणि मग खाली बसवायची. बसवताना पट्टीवर जोरात घाव, चार-पाच वेळा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती सरकते. एकेका तारेवर ७०-८० किलोचा ताण. अशा सुमारे २३० तारा. आतल्या ओतीव लोखंडी चौकटीवर सगळे मिळून १६-१८ टन.

तारांच्या मागे स्प्रूस लाकडाची मोठी पातळ फळी असते. पावसाळ्यात ती दमट हवा पिते, फुगते, पुढे येते आणि तारांना ताणते. मधले सूर सर्वांत जास्त चढतात. रात्री एसी लावला की फळी सुकते, सूर उतरतात. सकाळी एसी बंद, पुन्हा चढतात.

‘एसी रोज लावा, नाहीतर लावूच नका,’ काका म्हणतात.

‘मुलगा ऐकत नाही हो.’

‘मग पियानो तरी कसा ऐकेल?’

९:२०
डॉक्टर साडी नेसून, पर्स खांद्यावर घेऊन येतात. बसत नाहीत, उभ्यानेच पहिली चार मापं वाजवतात. मान हलवतात. मग पर्स खाली ठेवतात, बसतात आणि ट्रिलचं पान काढतात. सहा मिनिटं. ड्रायव्हरचा फोन येतो. ३,००० रुपये फोनवरूनच जमा होतात. काका फळी लावून स्क्रू आवळतात, चादरीच्या तुकड्याने पट्ट्या पुसतात. पुसताना डावीकडून उजवीकडे, एकेक.

१०:३५
मरीन लाइन्स, धोबी तलाव. जेर महालच्या कोपऱ्यावर फुर्ताडोसचं दुकान. पेढी १८६५ पासूनची. मुंबईत पियानो, व्हायोलिन किंवा नोटेशनची पुस्तकं लागणारा माणूस कधी ना कधी इथे येतोच. एका सोनाट्याच्या चांगल्या जर्मन आवृत्तीला हजाराच्या आसपास रुपये पडतात. म्हणून घरोघर झेरॉक्स.

याच भागात गोवेकरांचे कूड आहेत. एकेका गावाचा एकेक. बोटीवर जाणारे खलाशी तिथे ट्रंक ठेवत, स्वस्तात राहत, संध्याकाळी रोझरी म्हणत. काकांचे उस्ताद अशाच एका कुडात तीस वर्षं राहिले. दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंचे पियानो लावायचे, रात्री हॉटेलांचे. त्यांची जागा जिन्यापाशी होती. एक ट्रंक, एक चटई, एक लिव्हर.

काका फेल्ट आणि बारीक तार घेतात, ४२० रुपये. मग एका कारागिराकडून कागदात गुंडाळलेली एक लांब वस्तू ताब्यात घेतात, ६०० रुपये. पोलादी तारेवर तांब्याची तार गुंडाळलेली, खालच्या सुरासाठी. ही तयार मिळत नाही. जुनी तार नमुन्याला द्यावी लागते. त्यांनी ती मागच्या खेपेला काढून आणली होती.

चहा, ब्रून मस्का. नंतर बस, तिकीट १० रुपये.

१२:१०
कुलाबा. पारशी वसाहत, तळमजला, उंच छत. ‘आवो, आवो, मास्टर.’ बाई शहात्तर वर्षांच्या आहेत, बँकेतून निवृत्त. एकट्या राहतात. चहात पुदिना आणि लीली चहा, म्हणजे गवती चहा, घातलेला. ताटलीत बटासा.

पियानो जर्मन, त्यांच्या आजोबांनी घेतलेला. समोरच्या फळीवर मेणबत्त्यांसाठी पितळी हात आहेत. खालची फळी काढली की आत पिवळा उजेड दिसतो. २५ वॅटचा दिवा, जाळीत बसवलेला, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दिवसरात्र चालू. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते, तारा गंजत नाहीत. आता तसले दिवे दुकानात सहज मिळत नाहीत. एलईडी गरम होत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. बाईंनी कपाटात सात दिवे साठवून ठेवले आहेत. काका दर खेपेला मोजतात.

बाई शुबर्टचा बी फ्लॅट सोनाटा शिकताहेत, डी ९६०. शुबर्टने तो सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केला आणि १९ नोव्हेंबरला तो वारला. वय ३१. चार मूव्हमेंट आहेत. बाई फक्त पहिली वाजवतात. पुनरावृत्तीसह तिला वीसेक मिनिटं लागतात, बाईंना त्याहून जास्त. ‘बाकीच्या तीन मी ऐकते,’ त्या म्हणतात. ‘वाजवायला एक पुरे.’

सगळी अडचण आठव्या मापात आहे. वरती शांत, चालत्या पावलांची धून असते. ती थांबते आणि खालून, पियानोच्या अगदी डाव्या टोकाकडून, ‘जी फ्लॅट’ची एक ट्रिल येते. ती जवळपास ऐकू येऊ नये इतकी हळू वाजायला हवी. जोरात वाजवणं सोपं असतं, हे मला त्या घरात कळलं. जाड तारेवर हळू ट्रिल म्हणजे बोटांनी पट्टी पूर्ण वर येऊच द्यायची नाही. बाईंचं डावं चौथं बोट सांधेदुखीने वाकलं आहे, म्हणून त्या दुसरं आणि तिसरं वापरतात. गेल्या पावसाळ्यापासून आणखी एक संकट. त्या सुराची तार मेली होती. तांब्याच्या वेढ्यांत गंज आणि धूळ जाऊन ती नुसती धपकन् वाजायची. अकरा महिने बाईंनी त्या मेलेल्या सुरावर ट्रिल घोटली.

१२:४०
काका बसतात ते जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग पुन्हा जमिनीवर. जुनी तार काढलेली जागा रिकामी आहे. नव्या तारेचा फास खालच्या खिळ्यात अडकवतात. वरचं टोक पकडीत धरून तारेला तिच्या वेढ्यांच्या दिशेने एक पूर्ण पीळ देतात. हा पीळ दिला नाही तर वेढे सैल होतात आणि तार खणखणते. पिळाला धरूनच टोक खुंटीत घालायचं, हात सुटला तर तांब्याची तार बोट कापते. काकांच्या डाव्या तर्जनीवर पांढरी रेघ आहे. खुंटीवर तीन वेढे, एकावर एक चढू न देता, चिमट्याने दाबत. मग हळूहळू ताण. मध्ये थांबायचं. पुन्हा ताण.

पाऊण तास एका तारेला. मग बाकीचा पियानो.

खुंट्या जुन्या लाकडात सैल झाल्यात. काही खुंट्यांना काकांनी कधीतरी पातळ सँडपेपरचा तुकडा गुंडाळून घट्ट केलं होतं. हा पियानो ते ४४० वर नेतच नाहीत, थोडा खाली ठेवतात. ‘याला इतकंच झेपतं. ओढला तर तुटेल.’

२:२०
बाई बसतात. उशी, त्यावर दुसरी उशी. धून सुरू. पहिली सात मापं त्या घाईने पार करत नाहीत, जरी आम्हा दोघांचं लक्ष पुढेच लागलं आहे. मग ट्रिल.

नवी तार शेजाऱ्यांपेक्षा उजळ बोलते. काका कपाळाला आठ्या घालतात. ‘महिनाभर उतरत राहील. तीन आठवड्यांनी येतो, पैसे नाहीत त्याचे.’ बाई ऐकत नाहीयेत. त्या ट्रिल पुन्हा घेतात. पुन्हा. प्रत्येक वेळी थोडी हळू. मग म्हणतात, ‘मास्टर, बोट तर आता काम करे छे.’ मेलेल्या तारेवर आवाज निघावा म्हणून वर्षभर जे बळ लावलं, त्याने बोट तयार झालं होतं. आता बळ काढून घ्यायचं काम उरलं आहे. त्याला किती महिने लागतील, याचा हिशेब त्या मोठ्याने करत नाहीत.

ट्यूनिंगचे १,८०० रुपये. हा दर बरीच वर्षं तोच आहे. तारेचे ९००. पाकिटात, नोटा सरळ केलेल्या.

३:०५
चर्चगेट. बोरिवली स्लो, खिडकी मिळते. वडापाव, १८ रुपये. काका बोळे काढून फोन घेतात.

‘डिजिटल आहे का? मग त्याला ट्यूनिंग नसतं, ताई. नाही, आवाज खरखरतो तर कंपनीचा माणूस बोलवा.’

असे फोन आठवड्यातून तीन-चार येतात. डिजिटल पियानोला हेडफोन लागतो, दमट हवा लागत नाही, हमाल लागत नाहीत. काका त्याच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. त्यांची नात त्याच्यावरच शिकते.

मी डॉक्टरांचा विचार करत असतो. हे सोनाटे लिहिले गेले तेव्हा ते मुख्यतः घरांतच वाजत. डोरोथेआ फॉन एर्टमान ही लष्करी अधिकाऱ्याची बायको होती, तिने पियानोवर पोट भरलं नाही. बीथोवनने ओपस १०१ तिला अर्पण केला आहे. पुढे मोठी सभागृहं आली, व्यावसायिक वादक आले, रेकॉर्ड आल्या, आणि घरात बसून हे वाजवणारा माणूस ओशाळल्यासारखा बोलू लागला. ‘मी काही खरी पियानिस्ट नाही हं,’ हे डॉक्टरांनी सकाळी दोनदा सांगितलं. पहाटे सव्वापाचला पियानोपाशी बसून दोन वर्षं एका सोनाट्यावर घासणाऱ्या बाईने ते सांगायची काही गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

४:३०
अंधेरी. एका शाळेचा पियानो. पुढच्या आठवड्यात परीक्षक येणार आणि एक पट्टी दाबली की वर येत नाही. पट्टीखालच्या छिद्रातलं फेल्ट फुगलं आहे. पक्कड, दोन चिमटे, एक फुंकर. वीस मिनिटं, ५०० रुपये, पावतीवर तीन सह्या.

६:१५
कांदिवली पूर्व. तिसरा मजला. दार आई उघडते. ‘तो निघालाय ऑफिसातून. तुम्ही सुरू करा, भाऊ.’ वन बीएचके. हॉलमध्ये सोफा नाही, त्याच्या जागी पियानो. उरलेल्या जागेत एक दिवाण आणि घडीच्या दोन खुर्च्या.

मुलगा सत्तावीसचा, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघतो. पियानो सेकंडहँड, १,४०,००० रुपयांना, चोवीस हप्त्यांत. अकरा फिटायचे आहेत. वजन सव्वादोनशे किलो. जिन्याच्या वळणावर तो बसेना, तेव्हा चार हमालांनी पट्टे खांद्यावर घेऊन उभा फिरवला. हमालीचे ६,०००, हप्त्यांबाहेर. मास्तरांकडे महिन्यातून दोनदा, तासाला १,२००. आई ही सगळी आकडेवारी न विचारता सांगते, तक्रारीच्या सुरात नाही. ‘दुसरा खर्च नाही त्याचा. बाईकसुद्धा घेतली नाही.’

सोसायटीचा नियम रात्री नऊ. आठ ते नऊ तो वाजवतो. खालच्या मजल्यावर मालिका चालू असते, तिचा आवाज वर येतो, याचा खाली जातो. अजून भांडण झालेलं नाही.

बीथोवनचा ‘पॅथेटिक’, ओपस १३. काका टॉर्च मारतात आणि नुसतं ‘हं’ म्हणतात. डावीकडच्या दोन ‘सी’च्या हातोड्या पार चिरल्या गेल्यात. फेल्ट दबून दगडासारखं झालंय, आवाज पत्र्यासारखा.

७:१०
मुलगा येतो. ओल्या छत्रीसकट आत, बूट काढता काढता विचारतो, ‘काका, आवाज कर्कश का येतो?’

‘तू मारतोस म्हणून.’

पहिल्या मूव्हमेंटची संथ सुरुवात संपली की वेग येतो. उजवा हात वर झेपावतो आणि डावा दोन ‘सी’ आळीपाळीने वाजवत राहतो, करंगळी, अंगठा, करंगळी, अंगठा, मापामागून मापं. विसाव्या सेकंदाला कोपराखालचा भाग जळायला लागतो. चाळिसाव्याला हात दगड होतो. इथे कित्येक जण थांबतात आणि सोनाटा सोडून देतात.

काका सुयांची मूठ काढतात. हातोड्यांची चौकट बाहेर घेऊन वर्तमानपत्रावर ठेवतात. सँडपेपरने चर घासतात, पांढरा भुसा कागदावर पडतो. मग सुया हातोडीच्या खांद्यात, नाकात कधीच नाही. एक, दोन, तीन टोचे. शेजारची. पुन्हा पहिली. जास्त टोचलं तर हातोडी कायमची मऊ पडते, परत आणता येत नाही. दोन हातोड्यांना पंचवीस मिनिटं. मुलगा शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरतो.

‘वाजव आता.’

तो वाजवतो. आवाज गोल झाला आहे. पण चाळिसाव्या सेकंदाला हात अडतोच. तो हात झटकतो.

‘मला वाजवता येत नाही,’ काका म्हणतात. ‘पण मी दिवसाला पाचशे खुंट्या फिरवतो. मनगटाने फिरवल्या असत्या तर चाळिशीतच घरी बसलो असतो. बघ.’ ते त्याचा हात हातात घेतात, कोपर सैल करून कुलपात किल्ली फिरवतो तसा उलटसुलट फिरवतात. ‘बोटं उचलू नकोस. इथून फिरव.’

मास्तरही हेच सांगतात, मुलगा म्हणतो. मग खूप हळू, अर्ध्या वेगाने, तो तेच फिरवत बसतो. आठ पंचावन्नपर्यंत. आई आतून पोळ्या करत असते. काका तोवर वरचे सूर लावू शकत नाहीत, वाजणं चालू आहे. ते थांबतात. घड्याळ बघत नाहीत. नऊला झाकण पडतं. राहिलेल्या वरच्या पट्ट्यांसाठी ते शनिवारी येणार.

‘अर्धे आता देतो, अर्धे एक तारखेला. चालेल, काका?’

‘चालेल.’ १,५००.

९:४०
विरार लोकल, कांदिवलीहून परतीच्या गर्दीत. वसईपर्यंत उभंच. बोळे पुन्हा कानांत. काका खांबाला टेकून छोट्या वहीत लिहितात. आवक ७,७००. जावक: तांब्याची तार ६००, फेल्ट-तार ४२०, रिक्षा, बस, खाणं. कालचं पान कोरं आहे, परवाचंही. पावसाळ्यात फोन येतात, पण मार्च-एप्रिलमध्ये आठवडे कोरे जातात. घरी जी पेटी आहे तिच्यात बायकोच्या शिवणाचे पैसे आणि याचे, एकत्रच.

१०:४५
वसई. जेवण झालं. पिशवी पुन्हा पडवीत उघडलेली. ओले चादरीचे तुकडे वाळत, कोरडे आत. लिव्हरच्या खोबणीत तेलाचा थेंब.

उद्या वांद्र्याला दोन घरं. पहिलं सोपं. दुसऱ्यात एक आर्किटेक्ट राहतात, साठीला आलेले. मागच्या महिन्यापासून त्यांनी ‘हॅमरक्लाविएर’ धरला आहे. ओपस १०६, पाऊण तासाच्या घरात जाणारी मोठी वाट, शेवटी फ्यूग. पहिल्याच मापात डावा हात खालच्या एका सुरावरून उडी मारून पूर्ण ताकदीने मोठ्या स्वरमेळावर पडतो. या महिन्यात त्यांनी दोन तारा तोडल्या. ‘किती वर्षं लागतील?’ असं त्यांनी फोनवर काकांनाच विचारलं होतं. काकांनी सांगितलं, पियानो टिकेल, तुम्ही चालू ठेवा.

ते बाटलीतल्या पिना तपासतात आणि पोलादी तारेची दोन जादा वेटोळी पिशवीत टाकतात.